बुंध्याकडचं बेणं

महाशिवरात्र नुकतीच होऊन गेली होती. नाशिकला गंगेवर, नदीकाठी भरणाऱ्या बुधवारच्या बाजारात लंकाबाईनं गोणपाट अंथरून रताळी मांडायला घेतली, तोच पंचवटीतली सावित्रीबाई पिशवी घेऊन समोर उभी राहिली. उपासाची रताळी घ्यावीत तर लंकाबाईकडूनच, असा तिचा कित्येक वर्षांचा नेम होता. दुसऱ्या ढिगाकडं ती वळूनही बघायची नाही. आज मात्र तिनं पिशवी उलटी केली आणि रताळी गोणपाटावर ओतली.

"लंकाबाई, हे काय दिलंत मला? शिवरात्रीला सगळं घर उपाशी राहिलं. सासूबाईंनी पहिला घास घेतला नि थुंकून टाकला. म्हणाल्या, कारली उकडलीस का गं?"

लंकाबाईनं एक रताळं उचलून हातात फिरवलं. लालचुटूक साल, वजनाला जड. "वरून तर बरं दिसतंय."

"वरून बरं दिसलं म्हणून तर नेलं. आत बघा."

"यंदा पाणी कमी पडलं बाई. जमिनीला लय भेगा गेल्या. त्याच्यानं कडसर झाली असतील. ही दुसरी न्या."

"ही पण तसलीच निघाली तर?"

लंकाबाईनं पिशवी जवळ ओढली. ढिगातली हाताला लागतील ती मोठी रताळी तिनं पिशवीत टाकली. त्यातलीही काही कडू निघणार हे तिला ठाऊक होतं. सावित्रीबाई गेल्यावर मात्र तिला गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं नीट बघवेना. दोन हंगाम झाले, रताळी काढताना बारीक भोकं पडलेली, काळी पडलेली ती बाजूला करायची आणि म्हशीपुढं टाकायची. अलीकडं म्हैसही हुंगून तोंड फिरवायला लागली होती.

हे १९७८ साल. नाशिकरोडच्या पुढं दारणेच्या काठी लंकाबाईचं घर होतं, घरामागं नदीच्या गाळाचा, भुसभुशीत मातीचा लहानसा तुकडा होता. नवरा केरू बैलगाडी हाकायचा, कुणाची वाळू, कुणाचा ऊस वाहायचा. तुकडा मात्र लंकाबाईचा. तिथं रताळ्याशिवाय दुसरं काही तिनं कधी घेतलं नाही, आणि ती रताळीही बाजारातल्या बेण्याची नव्हेत. लंकाबाईच्या माहेरात एक रीत होती. पोर नांदायला निघाली की आई घरच्या रताळ्याच्या वेलाची बेणी कापून, ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्याबरोबर द्यायची. सासरच्या मातीत आईकडचं काहीतरी रुजलं की पोरही रुजते, असा त्या बायकांचा समज. लंकाबाईच्या आईकडं तो वेल तिच्या आईकडून आला होता. त्याच्यामागं कुणाकडून आला हे विचारायला आता कुणी उरलं नव्हतं.

वेल जगवणं हे लंकाबाईनं व्रतासारखं धरलं होतं. रताळी काढून झाली की शेतातला पाला गुरांना जायचा, पण थोडा वेल ती मोरीच्या पाण्याजवळ लावून ठेवायची. तिथं तो उन्हाळाभर हिरवा राहायचा आणि आषाढाच्या तोंडावर त्याचीच बेणी पुन्हा शेतात जायची. बाहत्तरच्या दुष्काळात दारणेच्या पात्रात माणसं झरे खोदून वाटीवाटीनं पाणी भरत होती, तेव्हाही लंकाबाई भांडी विसळलेलं पाणी उंबऱ्याबाहेर सांडू द्यायची नाही. केरू म्हणायचा, "मला आंघोळीला तांब्याभर देत नाय, अन् तिथं सवतीला पाजू ऱ्हायली." ती म्हणायची, "तुम्ही आंघोळ नाय केली तर मरत नाय. ती मरंल."

त्याच दुष्काळात मोरीवरच्या वेलावर मुंग्या दिसायला लागल्या. जरा वेगळ्याच होत्या. कंबरेशी तांबड्या, डोकं नि पाठ निळसर काळी, चकचकीत, चालायच्या सावकाश. हात लावला की पाय आखडून मेल्यासारख्या पडायच्या. लंकाबाईला त्या गोड वाटल्या. सगळ्या गावात हिरवं असं एवढंच उरलं होतं. मुंग्यांनी तरी जावं कुठं? ती रोज सकाळी चिमूटभर पीठ वेलाच्या बुंध्याशी टाकायची. मुंग्यांना पीठ घालणारीच्या घरी अन्न सरत नाही, हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं. पिठाला त्या मुंग्या कधी तोंड लावत नाहीत, हे तिनं पाहिलं होतं, पण त्यावर विचार केला नव्हता.

शहात्तरच्या वैशाखात तिच्या एकुलत्या एका मुलीचं, झुंबरचं लग्न झालं. वणीच्या अलीकडं, चिमणाबाई नावाच्या विधवा बाईच्या घरी. मुलगा जयराम, स्वभावानं गरीब. घरची विहीर बागायती. चिमणाबाई नवरात्रात देवीच्या गडाच्या पायथ्याशी नांदुरीला चूल मांडायची आणि गडावर जाणाऱ्या उपाशी माणसांना उकडलेली रताळी विकायची. रताळी ती बाजारातून आणायची. झुंबरच्या आईकडं घरचा वेल आहे हे कळल्यावर बाई एवढी खूश झाली, की देण्याघेण्यावरून तिनं एक अक्षर काढलं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी लंकाबाई विळा घेऊन मोरीपाशी बसली. शेंड्याकडचा वेल कोवळा, उन्हातान्हात एस.टी.तून वणीपर्यंत जाताना मान टाकणारा. बुंध्याकडचा जाड, गाठीगाठीचा, मातीत खुपसला की मुळं धरणारा. स्वतःच्या शेतात लावताना ती दोन्ही मिसळून लावायची, पण पोरीला द्यायचं ते चांगलंच द्यायचं. तिनं वेलाचा सगळा बुंधा पोरीसाठी कापला. एकदोन कांडं कापताना मध्ये पोकळ, भुशानं भरलेली लागली, ती तिनं फेकली. बाकीची ओल्या फडक्यात गुंडाळली, टोपलीत ठेवली.

"यंदा आपल्या शेतात काय लावायचं मग? नुस्ते शेंडे?" केरूनं विचारलं.

"आपलं कसंबी भागंल. तिची सासू काय म्हणंल, तेवढं बघायचं."

सासू पहिल्या वर्षी खूश झाली. नवरात्रात नांदुरीला रताळी हातोहात खपली. चिमणाबाईनं सुनेचं कौतुक करत गावातल्या घराघरांत वेल वाटला. शेजारच्या बुधानं तर कांद्याचा वाफा मोडून रताळी लावली. दुसऱ्या वर्षी थोडी रताळी किडकी निघाली, तिकडं कुणी लक्ष दिलं नाही. तिसऱ्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याहत्तरच्या नवरात्रात, चिमणाबाईच्या चुलीपुढं उकडलेल्या रताळ्यांना कडू औषधासारखा वास यायला लागला. अनवाणी गड चढून आलेल्या बाया पहिला घास थुंकून टाकायच्या. एकीनं तर, देवीच्या वाटेवर बसून माणसांना इख खाऊ घालते, असं भर रस्त्यात सुनावलं. चिमणाबाईनं सातव्या माळेलाच चूल विझवली. गावात बुधासकट सगळ्यांची रताळी तशीच.

चिमणाबाईच्या डोक्यात मग एक गोष्ट बसली आणि ती हलेना. वेल सुनेनं लावला. पहिलं बेणं सवाशिणीच्या हातानं लावायचं म्हणून सुनेच्याच हातानं लावून घेतलं होतं. तेव्हा हात कडू. तिसरं वर्ष सरत आलं तरी झुंबरला दिवस गेले नव्हते, तेही मग त्याच हातात जाऊन बसलं. दुधाला विरजण लावायचं झुंबरकडून काढून घेतलं. पेरणीच्या वेळी तिला घरात ठेवलं. हे बोलणं घरातून पाणवठ्यावर गेलं आणि पाणवठ्यावरून सगळीकडं. दिवाळीला झुंबर माहेरी आली ती एकटी, आणि भाऊबीज होऊन गेली, तुळशीचं लग्न झालं, तरी तिला न्यायला कुणी आलं नाही. नात्यातल्या एकानं केरूला बाजारात गाठून सांगितलं, की कळवणकडची एक मुलगी जयरामसाठी बघून ठेवली आहे.

झुंबर हे सगळं रडत सांगायची नाही. तिला वाटायचं खरंच असेल. भाकरी थापता थापता ती मध्येच हात उलटे करून बघायची.

"काय बघू ऱ्हायली गं?" लंकाबाई म्हणायची.

"काय नाय."

एकदा ती म्हणाली, "आई, तिकडली रताळी चिरली ना, की आतनं अशी काळी वाट निघायची. वाकडीतिकडी. अन् भुसा. वास तर असा, की हात धुतला तरी जायचा नाय. सासूबाई म्हणायच्या, तुझ्या हाताचा वास हाय तो."

लंकाबाईच्या हातातलं सूप थांबलं. ती काळी वाट, तो भुसा, तो वास तिनं स्वतःच्या घरी बघितला होता, आणि भेगाळलेल्या जमिनीवर ढकलून दिला होता. इकडं झुंबरचा हात लागलेला नव्हता. इकडं तर तिचा स्वतःचा हात होता.

दुसऱ्या दिवशी तिनं शेतात खणायला घेतलं. वरून भोकं दिसणारं एक रताळं घरी आणून उंबऱ्यात बसून मधोमध कापलं. काळ्या वाटेच्या टोकाशी एक पांढरी अळी होती. तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी, किंचित वाकलेली, डोकं तपकिरी. पाय मुळीच नव्हते. पाय नसलेला जीव आत शिरला कसा, हे तिला कळेना. बाहेरून तो आलेला नसणार. तो आतच झाला असणार.

"आतच झाला म्हंजे?" झुंबर म्हणाली.

"म्हंजे कुणीतरी आत ठिवला."

रताळ्याच्या दोन्ही फोडी तिनं परत जुळवल्या, दोऱ्यानं बांधल्या, काचेच्या रिकाम्या बरणीत ठेवल्या आणि तोंडावर फडकं ताणून बांधलं. बरणी चुलीच्या वरच्या फळीवर गेली. दुपारची कामं आवरली की मायलेकी दोरा सोडून बघायच्या. केरू म्हणाला, "लोकांच्या बाया देव्हाऱ्यापुढं बसत्यात, आमच्या किड्यापुढं." पण येताजाता तोही डोकावायचा.

थंडीत सगळंच सावकाश चाललं होतं. अळी खात खात पुढं सरकायची आणि मागं भुसा सोडायची. सालीवर आधीपासून असलेले बारीक खळगेही आता नजरेत भरले, प्रत्येक खळग्यावर करड्या मळाचं बूच. लंकाबाईनं सुईच्या टोकानं एक बूच उचकटलं. आत पिवळट पांढरं, खसखशीच्या दाण्याएवढं काहीतरी होतं. ती बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिली. कुणीतरी एकेक भोक पाडून, एकेक ठेवून, वरून लिंपून गेलं होतं. घरातली बाई कणगीचं तोंड लिंपते, तितक्या निगुतीनं.

मग मोठ्या अळीनं खाणं थांबवलं. वाटेच्या टोकाशी लहानशी खोली करून ती निजली, आणि पुन्हा फोडी उघडल्या तेव्हा तिथं अळी नव्हती. एक पांढरी, मऊ बाहुली होती. पाय पोटाशी घेतलेले, आणि डोक्यापासून निघून छातीवर दुमडलेली एक सोंड.

झुंबर फोडीवर वाकली. "तोंड आलं आई हिला. डोळं पण येऊ ऱ्हायलेत बघ, काळं." मग जरा वेळानं, आवाज खाली घेऊन, "पोटातलं पोर असंच आसतं का गं?"

लंकाबाईनं फोडी जुळवल्या आणि दोरा जरा जास्तच घट्ट बांधला. त्यानंतर झुंबर बरणी बघायला आली नाही. फळीकडं पाठ करून ती धान्य निवडत बसायची.

संक्रांतीच्या सुमाराला तीच सहज म्हणाली, "बरणीत मुंगी शिरली वाटतं."

फडकं घट्ट होतं. मुंगी शिरायला जागा नव्हती. लंकाबाईनं बरणी उजेडात नेली. काचेवर सावकाश चालणारा तो जीव कंबरेशी तांबडा होता, डोकं नि पाठ निळसर काळी, चकचकीत. तोंडापुढं बारीक सोंड. तिनं काचेवर टिचकी मारली, तसा तो पाय आखडून मेल्यासारखा पडला.

लंकाबाईनं बरणी उंबऱ्यावर ठेवली. बाहत्तर सालापासून ती याच्यासाठी पीठ टाकत आली होती.

बरणी घेऊन ती नाशिकला शेतकी खात्याच्या साहेबांकडं गेली. बाकावर बराच वेळ बसावं लागलं, पण साहेब माणूस चांगला निघाला. त्यांनी भिंग लावून बघितलं आणि खुर्ची तिच्याकडं वळवली. "हा सोंड्या भुंगा. याची मादी सोंडेनं कोरून अंडं घालते आणि वरून बुजवते. भेगांतून रताळं उघडं पडलं तर रताळ्यात, नाहीतर वेलात. बुंध्याकडच्या जाड वेलात. अळी आतल्या आत वाढते, म्हणून वरून कळत नाही. बेण्याबरोबर कुठंही जाते."

"अन् शेंड्यात?"

"शेंडा कोवळा असतो, तिथं सहसा नसते. म्हणून बेणं शेंड्याचंच घ्यावं. तुम्ही कुठलं घेता?"

लंकाबाईनं बरणी पिशवीत घातली. साहेबांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी सांगितलं, की सगळा वेल, जमिनीत राहिलेली रताळी, सगळं काढून जाळा. दोन-तीन वर्षं तिथं रताळं नको. बारा महिने हिरवा वेल राखू नका, ते त्याला बारा महिन्यांचं घर होतं. आणि एवढं करूनही काठावरच्या रानवेलींत तो राहू शकतो, तेव्हा तो पुरता जाईल असं आम्ही सांगू शकत नाही.

घरी आल्यावर तिनं कुणाशी न बोलता मोरीवरचा वेल मुळापासून उपटला. ओला होता, पेटेना. केरूनं उसाचं पाचट आणून दिलं. धूर घरात शिरला तसा झुंबरनं दार लोटून घेतलं.

"मी वणीला जाते," लंकाबाई म्हणाली.

केरू काटकीनं पाचट सारत होता. "जाशील. सांगशील, वेल माझा किडका. मंग पोरीचा दोष उठंल अन् तुझ्यावर बसंल."

"बसू द्या."

"अन् तिच्यावरचा नाय उठला तर? दोघीबी त्याच्याखाली बसाल. अगं, लोकांना किडा दिसत नाय. बाई दिसती."

तिलाही ते पटत होतं. तरी ती गेली. पिशवीत बरणी घेऊन, वणीच्या गाडीत खिडकीशी, मांडीवर पिशवी धरून.

चिमणाबाई ओट्यावर भुईमूग फोडत बसली होती. विहिणीला बघून उठली, पाणी दिलं, पण या-बसा म्हणण्यात जीव नव्हता. जयराम गोठ्याच्या दारात उभा राहिला, आला नाही. लंकाबाईनं पाण्याचा तांब्या बाजूला ठेवला आणि बरणी काढली.

"इहीणबाई, ह्यो बघा. ह्यो रताळी कडू करतो. माझ्या पोरीच्या हातात काय नाय. म्या वेल दिला त्याच्यात ह्यो व्हता. माझ्या हातनं आला तुमच्याकडं."

चिमणाबाईनं बरणी डोळ्यांजवळ धरली. "ह्यो? मुंगीवानी दिसतोय."

"मलाबी मुंगीच वाटली. सहा वर्षं पीठ घातलं."

चिमणाबाईच्या तोंडावर हसू येऊन गेलं, तिला आवरायच्या आत. मग तिनं सगळं विचारून घेतलं. अंडं कुठं, अळी कुठं, बुंधा कोणता, शेंडा कोणता. बाई हुशार होती. एकदा सांगितलं की पुरे.  भुईमुगाचं टरफल चिमणाबाईच्या बोटांत तसंच होतं.

"म्हंजे पोरीला आम्ही उगाच बोललो," ती म्हणाली.

"व्हय."

"मला तरी काय कळावं, लंकाबाई? नांदुरीला लोकांनी माझ्या तोंडावर थुंकायचं तेवढं बाकी ठिवलं व्हतं. गावात तर येल मीच वाटलेला, मिरवत. आज बुधाची बायको मला बघून हंडा उचलून चालती व्हती. कुणावर तरी गेलंच पायजे ना ते."

"माझ्यावर जाऊ द्या."

"तुम्ही इथं माझ्या वट्यावर सांगून काय व्हतंय? चला, घराघरात सांगा. म्या सांगितलं तर म्हणतील, सुनेला पाठीशी घालू ऱ्हायली."

लंकाबाई उठली. पुढं चिमणाबाई, मागं बरणी घेतलेली लंकाबाई, अशा दोघी गावातून फिरल्या. ज्या ज्या घरी वेल गेला होता, त्या त्या घरी लंकाबाईनं तेच सांगितलं, त्याच शब्दांत. कुणी ऐकून घेतलं, कुणी पोरांना बोलावून बरणी दाखवली. एका म्हातारीनं, किडा घेऊन दारात येऊ नको, म्हणून पाण्याचा हबका मारला. बुधा वाफ्याच्या बांधावर उभा होता. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं.

"आता सांगता व्हय? कांद्याचा वाफा मोडून लावला म्या. माझी भुई नासली. त्या बुंध्याबरोबर तुम्ही पोरगी धाडली का इख धाडलं?"

"पोरगी धाडली व्हती, दादा."

"तुम्ही परत ह्या शिवारात पाय ठिवू नका," बुधा म्हणाला. शिवी दिली नाही, आवाजही चढवला नाही. चिमणाबाईनं पदर सारखा केला आणि घराची वाट धरली.

परत ओट्यावर आल्यावर चिमणाबाईनं चहा टाकला. "कळवणला मी निरोप धाडते, थांबा म्हणून," ती चुलीकडं बघत म्हणाली. "जयराम येईल झुंबरला न्यायला. पण लंकाबाई, तुमाला खरं सांगते. रताळ्याचं कळलं. पोराचं काय? ते तर तुमच्या येलातनं नाय ना आलं?"

लंकाबाईनं बरणीवरचं फडकं परत घट्ट बांधलं.

"एक वरीस बघते," चिमणाबाई म्हणाली. "म्या काय कसाई नाय. पण घरात दिवा लागाया पायजे."

चहा अर्धा ठेवून लंकाबाई उठली. गोठ्याच्या दारातून जयराम तेवढा गाडीपर्यंत पोचवायला आला. वाटेत तो एकदाच बोलला. "हात चांगलाच हाय तिचा. मला माहीत व्हतं." लंकाबाईला विचारावंसं वाटलं, मग बोललास का नाही? पण जावयाला असं विचारत नाहीत, आणि गाडीही आली होती.

होळीच्या आधी जयराम झुंबरला न्यायला आला. लंकाबाईनं पुरणपोळी केली. निघताना ओटी भरायची वेळ आली, तेव्हा तिनं तांदूळ घरचे घेतले नाहीत, दुकानातून आणले. नारळही दुकानातला. झुंबरनं ते ओळखलं. पदर पुढं करून ओटी घेतली.

जयराम बोचकं उचलायला वाकला आणि तसाच थांबला. कान लाल झाले होते.

"आईनं सांगितलंय..." तो केरूकडं बघत म्हणाला, लंकाबाईकडं नाही. "म्हंजे गावातल्या लोकांनी आईला सांगितलंय. बोचकं बघून आण म्हणून. तिकडलं काय येऊ नये. येल, माती, काय."

केरू ताडकन उभा राहिला. लंकाबाईनं त्याचा हात धरला.

"बघू द्या. बरोबर हाय त्यांचं."

तिनं स्वतःच गाठ सोडली. लुगडी एकेक उलगडून अंगणात झटकली, उलटी करून झटकली. फणी, कुंकवाची डबी, चोळीचा खण, सगळं जयरामच्या पुढं ठेवलं. त्यानं कशालाही हात लावला नाही, मान खाली घालून बघत राहिला. परत सगळं घड्या घालून तिनं बोचकं बांधलं. झुंबर दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं पायात चपला घातल्या, तशी लंकाबाई म्हणाली, "थांब. त्या काढ."

चपलांच्या तळाला शेतातली माती चिकटली होती. सकाळी झुंबर शेवटची म्हणून तुकड्यावर जाऊन आली होती. लंकाबाई मोरीपाशी बसली. काटकीनं तिनं तळाच्या फटीतली माती काढली आणि चप्पल पाण्याखाली धरून अंगठ्यानं चोळायला लागली. झुंबर अनवाणी दगडावर उभी राहून बघत होती.

"दिवाळीला आण्णांना धाड न्यायला," ती अंगणातल्या बापाकडं बघून म्हणाली. "तू नको येऊ, आई. बुधाभाऊ बोलतील, अन् सासूबाई मग घरात माझ्यावर काढतील."

लंकाबाईनं धुतलेली चप्पल उन्हात उभी केली. "बरं," ती म्हणाली, आणि दुसरी हातात घेतली.